परळ, बार्शी, मांजरी: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या इतिहासातील समाजभेद आणि स्त्रीजीवन

१

पुणे शहराच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या काठी, मांजरी बुद्रुक व मांजरी खुर्द ही गावे आहेत. द्राक्ष-संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांमुळे शेतीच्या अभ्यासकांस मांजरी हे नाव परिचित आहे. मांजरी बुद्रुकचा २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समावेश झाला. सायरस पूनावाला यांनी १९६६ साली हडपसर येथे स्थापन केलेल्या सिरम इन्स्टिट्यूटचा विस्तार पुढे मांजरीच्या शिवारापर्यंत पोहोचला. या संस्थेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूविरुद्ध जी लस सिद्ध केली, तिला २०२२ च्या जुलै महिन्यात भारताच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, आणि २०२३ च्या जानेवारीत ‘सर्व्हाव्हॅक’ या नावाने ती प्रसिद्धीस आली. भारतात विकसित झालेली या प्रकारची ही पहिली लस होय.

या घटनेकडे वैद्यकशास्त्राचा विजय म्हणून पाहणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकापुढे तिच्यामुळे एक निराळा प्रश्न उभा राहतो. लस मुलींसाठी आहे; ज्या स्त्रिया आज चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांना तिचा उपयोग फारसा नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला व सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या. या दोन आकड्यांच्या मध्ये, रोग होऊनही जगणाऱ्या स्त्रियांचे आयुष्य आहे. त्या आयुष्याची नोंद आपल्याकडे कोणी, केव्हा व कोणत्या शब्दांत ठेवली?

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. महाराष्ट्रात या रोगाची पाहणी आरंभापासून समाजभेदाच्या आधारे झाली. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशा रकान्यांत स्त्रियांची गणना झाली, आणि तिच्यातून मोलाचे ज्ञानही मिळाले. तथापि समाजाच्या नावाआड खरोखर काय दडले होते हे उलगडण्यास पुष्कळ काळ लागला. आणि रोगानंतरचे जगणे हा विषय त्या रकान्यांच्या बाहेरच राहिला. एक खुलासा येथेच करणे इष्ट. ‘जीवनमान’ हा शब्द मराठीत उत्पन्न व राहणीच्या अर्थाने रूढ झाला आहे. म्हणून जगण्याची प्रत या अर्थी येथे ‘जीवनगुणवत्ता’ हा शब्द योजिला आहे.

२

मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या व पुढील वर्षी त्यांचे पती सर दोराबजी यांचे निधन झाले. त्यांच्या न्यासाच्या द्रव्यातून मुंबईस परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ. परंतु त्यांची जिज्ञासा सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींपाशी थांबणारी नव्हती. रोग आणि माणसांच्या चालीरीती यांचा संबंध शोधणे हा त्यांच्या संशोधनाचा स्थायीभाव होता. कमरेभोवती घट्ट बांधलेल्या धोतराच्या किंवा लुगड्याच्या काचामुळे त्वचेस होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केले. मुंबई शहर ही त्यांच्या दृष्टीने एक नैसर्गिक प्रयोगशाळा होती: एकच हवा, एकच बाजार, पण विवाहाचे, आहाराचे व शुचितेचे नियम प्रत्येक समाजाचे वेगळे.

या दृष्टीने पाहता एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. गर्भाशयमुखाचा कर्करोग हिंदू स्त्रियांत अधिक होता, मुसलमान स्त्रियांत कमी आढळे आणि पारशी स्त्रियांत तर फारच कमी. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मात्र मोठे होते. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या नेतृत्वाखाली इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली. ही भारतातील अशी पहिली लोकसंख्याधिष्ठित नोंदणी होय. तिच्या आधारे जस्सावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली पारशी समाज व मुंबईची एकूण लोकसंख्या यांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा या निरीक्षणास आकड्यांचे बळ मिळाले.

या भेदाचे कारण काय असावे? त्या काळी एक अनुमान सर्वत्र चर्चेत होते: मुसलमान व ज्यू समाजांत पुरुषांची सुंता होते, म्हणून त्यांच्या स्त्रिया या रोगापासून बचावतात. अर्न्स्ट वायन्डर यांनी भारतीय सहकाऱ्यांसह १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या चर्चेला जोर दिला. हे अनुमान सर्वस्वी निराधार होते असे म्हणता येत नाही. सुंता झालेल्या पुरुषांत संबंधित विषाणू कमी आढळतो, असे पुढील संशोधनाने दाखविले आहे. परंतु मुंबईच्या आकड्यांतच त्याला एक उघड उत्तर होते. पारशी समाजात सुंतेची चाल नाही, आणि तरीही पारशी स्त्रियांत हा रोग विरळा. तेव्हा केवळ धर्मविधीने या भेदाचा उलगडा होत नव्हता. कारणाचा शोध समाजजीवनातच घेणे प्राप्त होते.

३

येथे वैद्यकाला इतिहासाची गरज भासते. या रोगाचे मूळ कारण असलेल्या मानवी पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेत १९८३ साली ओळखला गेला, आणि या कार्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काही थोड्या स्त्रियांत तो टिकून राहतो, आणि टिकलेल्या विषाणूपासून कर्करोग होण्यास साधारणपणे दहा ते वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो.

हा विलंब इतिहासकाराने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. १९४१ साली वयाच्या पन्नाशीत परळच्या रुग्णालयात आलेली स्त्री १८९१ च्या सुमारास जन्मलेली. ते वर्ष संमतिवयाच्या कायद्याचे. बेहरामजी मलबारी या पारशी सुधारकाने १८८४ साली बालविवाहावर टिपणे प्रसिद्ध केली. त्यातून उठलेल्या वादात पुण्याने किती तीव्र भाग घेतला हे सर्वविदित आहे. कायद्याने संमतीचे वय दहाऐवजी बारा वर्षे ठरविले. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा करणारा शारदा कायदा त्यानंतर अडतीस वर्षांनी, १९२९ साली आला. पारशी समाजात मुलींचे शिक्षण लवकर सुरू झाले होते आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत विवाहाचे वय पुष्कळ वर गेले होते. कोवळ्या वयात विवाह, पाठोपाठची बाळंतपणे, अपुरे अन्न, स्वच्छतेसाठी पाण्याची व आडोशाची वाण, आणि अवघड जागेचे दुखणे कोणास सांगावे हा संकोच या साऱ्या गोष्टी एका समाजात अधिक व दुसऱ्यात कमी होत्या. रुग्णालयाच्या वहीत त्यांची बेरीज ‘हिंदू’ किंवा ‘पारशी’ अशा एका शब्दाने झाली.

म्हणजे कर्करोगाची नोंदवही ही एका पिढीमागची बखर आहे. तिच्यात आजच्या रोगाची नोंद दिसते, पण ती सांगते ती तीस वर्षांपूर्वीच्या मुलीची हकीकत. या अर्थाने वाचल्यास समाजभेदाचे रकाने निरुपयोगी ठरत नाहीत. परंतु ते कारण म्हणून वाचणे चूक आहे. ‘हिंदू’ या एकाच रकान्यात गिरगावातील सुशिक्षित गृहिणी, लालबागच्या गिरणीकामगाराची बायको आणि दुष्काळातून मुंबईत आलेली मजूर स्त्री अशा तिघी बसत. तिघींचा धर्म एक असला तरी रोगाचा धोका, रोग कळण्याची वेळ आणि उपचारानंतरचे जगणे यांत महदंतर असणार हे उघड आहे.

४

परळहून या इतिहासाची वाट ग्रामीण महाराष्ट्राकडे वळते. मांजरीवरून जाणाऱ्या पुणे-सोलापूर लोहमार्गावर कुर्डुवाडी लागते. तेथून बार्शीकडे १८९७ साली अरुंद मापाची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली होती. व्यापारी पेठ म्हणून नावाजलेल्या या गावात कर्करोगाच्या रुग्णालयाची उभारणी झाली आणि डॉ. बी. एम. नेने यांच्या नेतृत्वाखाली तेथे मोठे काम झाले. १९८७ साली बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावांसाठी कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. भारतातील ही पहिली ग्रामीण नोंदणी होय. तिच्यात स्त्रियांच्या कर्करोगांत पहिले स्थान गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे होते.

मुंबईत नोंदणी करणारा कारकून रुग्णालयांच्या वह्या चाळून माहिती मिळवी. बार्शीच्या परिसरात ही पद्धत चालण्यासारखी नव्हती, कारण पुष्कळ स्त्रिया रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, घाण वासाचे पाणी जाणे ही लक्षणे अंगावर काढण्यासारखी नाहीत, हे त्यांनी लोकांच्या भाषेत सांगितले आणि संशयित स्त्रियांना तपासणीस आणले. याचा परिणाम नोंदणीतच उमटला. डॉ. कस्तुरी जयंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले की, या जागृतीनंतर गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. माहिती गोळा करण्याच्या कामाने माहितीचे स्वरूपच बदलले. नोंदणी करणाऱ्याने रुग्णाशी बोलण्यास आरंभ केला, एवढाच यातील फरक. परंतु रोग लवकर सापडणे म्हणजे कमी उपचार, कमी इजा आणि अधिक धडधाकट आयुष्य, हे लक्षात घेता तो फरक लहान नव्हे.

याच भूमीवर पुढे जगन्मान्य ठरलेली एक चाचणी झाली. त्या वेळच्या उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात गावांचे ५२ समूह पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. काही समूहांत विषाणूची चाचणी, काहींत पेशींची तपासणी, काहींत सौम्य ॲसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाचे निरीक्षण, आणि काहींत केवळ नेहमीची आरोग्यसेवा, अशी विभागणी होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत विषाणूची एकदाच चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या रोगाचे ३४ मृत्यू, तर तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४ मृत्यू नोंदले गेले. मुंबईच्या झोपडवस्त्यांतही टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा असाच अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ॲसिटिक आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी केल्यास या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात, असे त्यातून सिद्ध झाले.

या ज्ञानाचे मोल निर्विवाद आहे. पण त्याची किंमत कोणी दिली हेही नमूद केले पाहिजे. ज्या स्त्रियांना तपासणीविना ठेवून तुलना करण्यात आली, त्यांच्या बाबतीत हे न्याय्य होते काय, असा प्रश्न वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकांतून पुढे तीव्रतेने विचारण्यात आला. जेथे एरव्ही कोणतीच तपासणी उपलब्ध नव्हती तेथे कोणाचेही काही हिरावून घेतले गेले नाही, असे संशोधकांच्या बाजूने सांगण्यात आले. तपासणीने जीव वाचतात हे इतरत्र ठाऊक असताना असा गट ठेवणे अनुचित, असे टीकाकारांचे म्हणणे. दोन्ही बाजू वाचल्यावर एक गोष्ट उरते: त्या ६४ स्त्रिया शास्त्रीय वाङ्मयात एका संख्येच्या रूपाने आहेत, आणि त्यांचे शेवटचे दिवस कसे गेले याविषयी त्या वाङ्मयात अक्षर नाही.

५

हे मौन केवळ आपल्याकडचे नाही. रेडियमच्या उपचारांची निरनिराळ्या देशांत तुलना करता यावी म्हणून राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेने १९२९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अवस्थांचे वर्गीकरण सिद्ध केले. कर्करोगाच्या क्षेत्रातील अशा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांत ते आद्य होय. यश मोजण्याचे माप ठरले ते पाच वर्षे जिवंत राहण्याचे. हे माप आवश्यकच होते. परंतु ती पाच वर्षे कशी गेली हे त्यात येत नाही. किरणोपचाराने, म्हणजे आपल्याकडील रुग्णांच्या बोलीत ‘शेक’ घेतल्याने, जीव वाचतो. पण तरुण स्त्रीची पाळी कायमची थांबते, मातृत्वाची शक्यता संपते, योनिमार्ग आक्रसतो, मूत्राशय व गुदाशय यांना इजा पोहोचू शकते, पायांवर सूज राहू शकते. रोग उशिरा सापडला तर मूत्रमार्गाला छिद्र पडून सतत गळती लागण्याचा प्रसंग येतो. विटाळाच्या कल्पना ज्या घरात जिवंत आहेत तेथे अशा स्त्रीचे अंथरूण कोठे पडते, तिचे ताट वेगळे होते काय, नवरा तिला नांदवतो की माहेरी धाडतो, हे प्रश्न जीवनगुणवत्तेचे आहेत, आणि सामाजिक इतिहासाचेही आहेत.

जगण्याची प्रत मोजण्याचे प्रयत्न १९४० च्या दशकाच्या अखेरीस कार्नोफस्की यांच्या श्रेणीने सुरू झाले. तीत रुग्ण किती काम करू शकतो हे वैद्य ठरवी. रुग्णाचे स्वतःचे मत प्रमाण मानणाऱ्या प्रश्नावल्या पुढे आल्या. युरोपातील कर्करोग संशोधन संघटनेची तीस प्रश्नांची प्रश्नावली १९९३ साली प्रसिद्ध झाली; गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तिला २००६ साली चोवीस प्रश्नांची जोड मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने तर १९९० च्या दशकात जीवनगुणवत्तेची व्याख्याच अशी केली की, ज्या संस्कृतीत व मूल्यांत माणूस राहतो त्यांच्या संदर्भात आपल्या स्थितीविषयी त्याला स्वतःला काय वाटते, तिलाच जीवनगुणवत्ता म्हणावे.

ही व्याख्या स्वीकारली म्हणजे प्रश्नावलीचे भाषांतर ही किरकोळ बाब राहत नाही. युरोपीय प्रश्नावलीचा पहिलाच प्रश्न जड पिशवी किंवा प्रवासाची पेटी उचलण्यास त्रास होतो का, असा आहे. भूम तालुक्यातील स्त्रीला हा प्रश्न पाण्याच्या हंड्याचा आहे, सरपणाच्या मोळीचा आहे, खुरपणीच्या पातीवर दिवसभर बसण्याचा आहे. शरीरसंबंधाविषयीचे प्रश्न सासूच्या देखत किंवा परक्या पुरुषाने विचारले, तर उत्तराऐवजी मौन मिळेल; आणि ते मौन ‘त्रास नाही’ असे वाचले गेल्यास आकडेवारी बिनचूक दिसूनही असत्य ठरेल.

वांशिक समूहांतील जीवनगुणवत्तेचा पद्धतशीर विचार अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात झाला. किमलिन ॲशिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून वाचलेल्या गौरवर्णीय व लॅटिना स्त्रियांची तुलना केली, तेव्हा लॅटिना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांतही इंग्रजी न येणाऱ्यांची स्थिती अधिक बिकट असल्याचे दिसून आले. मुंबईच्या आकड्यांनी जो धडा रोगाच्या कारणाविषयी दिला, तोच हा धडा रोगानंतरच्या जगण्याविषयी आहे. समूहाचे नाव हे वाटेवरच्या खुणेच्या दगडासारखे. त्याच्यापुढे भाषा, मिळकत, शिक्षण, दवाखान्याचे अंतर आणि घरातील स्थान यांचा प्रदेश सुरू होतो.

६

आता पुन्हा मांजरीकडे वळू. लसीच्या इतिहासातही महाराष्ट्राच्या गावांचा वाटा आहे. दोन व तीन मात्रांची तुलना करण्यासाठी २००९ साली भारतात एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शी, मुंबई व पुणे येथील केंद्रे होती. देशात अन्यत्र चाललेल्या लसीकरण प्रकल्पाविषयी वाद उद्भवल्यामुळे २०१० च्या एप्रिलमध्ये शासनाने अशी सर्व लसीकरणे थांबविली. तोवर सुमारे १७ हजार मुली अभ्यासात आल्या होत्या, आणि त्यांतील अनेकींना एकच मात्रा मिळाली होती. पुढे अनेक वर्षे त्यांचा पाठपुरावा झाला, आणि एक मात्राही दीर्घकाळ संरक्षण देते हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. २०२२ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागे या मुलींच्या पुराव्याचा मोठा भाग आहे. गरीब देशांच्या दृष्टीने याचे महत्त्व सांगावयास नको.

नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीस आज लस दिली, तर तिचे फळ नोंदवहीत दिसण्यास २०५० च्या आसपासचा काळ उजाडेल. तोपर्यंत ज्यांना रोग होईल त्या स्त्रिया आजच विवाहित आहेत, कामावर आहेत. हडपसर-मांजरीच्या परिसरात मराठवाड्यातून व अन्य प्रांतांतून कामधंद्यासाठी आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. लसीच्या कारखान्याच्या सावलीत राहणाऱ्या त्या मातांना तपासणी मिळते का, आणि रोग झालाच तर त्यांचे पुढील आयुष्य कसे जाते, हे पाहणे लसीच्या गौरवाइतकेच अगत्याचे आहे.

या कामी इतिहासविभागातील विद्यार्थ्यांना करण्यासारखे बरेच आहे. वैद्यकाने समाजाचे रकाने पाडले, रोगाच्या अवस्था ठरविल्या, मृत्यू मोजले. ते त्याचे काम होते व त्याने ते निष्ठेने केले. उपचारानंतर जगलेल्या स्त्रियांच्या कथनांचा संग्रह मात्र आपण करावयाचा आहे. तो त्यांच्या बोलीत असावा, संमतीने व नावे गुप्त राखून केलेला असावा, आणि शक्यतो स्त्री-अभ्यासकांनी करावा. मराठीभाषक स्त्रीबरोबर दखनी बोलणारी मुसलमान स्त्री, गोरमाटी बोलणारी लमाण स्त्री, वडार व पारधी स्त्रिया यांची कथने त्यात यावीत. धर्म व जात यांची नोंद जरूर करावी, पण तेथे थांबू नये. विवाह कितव्या वर्षी झाला, पाणी कोठून आणावे लागे, दुखणे प्रथम कोणास सांगितले, दवाखान्यात सोबत कोण आले, आणि परत आल्यावर घरात जागा कोणती मिळाली, हेही विचारावे.

बार्शीच्या नोंदणीचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. तेथे प्रश्न विचारावयास गेलेल्या माणसांनी ऐकणाऱ्यांचे प्राक्तनही काही अंशी बदलले. ज्या स्त्रियांच्या आजारपणावर आपले ज्ञान उभे आहे, त्यांचे आजारानंतरचे जगणे अभ्यासाचा विषय करणे हे विद्येचे कर्तव्य आहे, आणि त्यास आरंभ करण्यासाठी पुण्याहून फार दूर जाण्याची आवश्यकता नाही.